साडेपाच ते पावणेदहा: रामन यांच्या दिवसाचा हिशोब

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलांकडून सर्वात जास्त येणारा प्रश्न विषय कसा निवडायचा हा नसतो. 'दिवसाचं वेळापत्रक कसं आखू?' हा असतो. आणि या प्रश्नावर ठेवणीतलं एक उत्तर आपल्याकडे कायम तयार असतं: थोरामोठ्यांचा दिनक्रम. अमुक पहाटे चारला उठायचे, तमुक चारच तास झोपायचे. विज्ञान दिनाच्या भाषणात तर हे हमखास ऐकायला मिळतं.

आज अशाच एका दिनक्रमाबद्दल लिहायचं आहे, पण तो भिंतीवर चिकटवण्यासाठी नाही. इतिहासाचा पुरावा म्हणून तो वाचायचा. म्हणजे त्यात काय दिसतं, काय दिसत नाही, आणि तो दिनक्रम चालू राहावा म्हणून आजूबाजूला कोण राबत होतं, हे बघायचं. माणूस आहेत चंद्रशेखर वेंकट रामन.

आधी वेळापत्रक

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०७ मध्ये ते एम.ए. झाले. त्याआधीच, १९०६ मध्ये, त्यांचा पहिला शोधनिबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला होता. पण त्या काळी विज्ञानात करिअर करायचं म्हणजे विलायतेला जायचं किंवा कुठेतरी मास्तरकी धरायची. रामन यांनी स्पर्धा परीक्षा दिली, वित्त खात्यात निवड झाली, आणि १९०७ च्या जून महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, ते कोलकात्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. चांगला पगार, मोठा हुद्दा, आणि काम हिशोबतपासणीचं. भौतिकशास्त्राशी काडीचा संबंध नाही.

थोड्याच दिवसांत त्यांना बहूबाजार रस्त्यावर, २१० नंबरच्या इमारतीवर एक पाटी दिसली: इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. तिथून पुढची दहा वर्षं त्यांचा दिवस कसा चालला, हे त्यांच्या पत्नी लोकसुंदरी यांच्या आठवणींतून चरित्रांमध्ये आलं आहे. पहाटे साडेपाचला असोसिएशनमध्ये. पावणेदहाला घरी. आंघोळ, घाईघाईत जेवण, आणि उशीर नको म्हणून टॅक्सीने ऑफिस. संध्याकाळी पाचला ऑफिस सुटलं की घरी न येता परस्पर असोसिएशन. रात्री साडेनऊ-दहाला घर. रविवार अख्खा प्रयोगशाळेत.

आता आपल्या सवयीप्रमाणे आकडेमोड करू. सकाळचे सव्वाचार तास, संध्याकाळचे किमान साडेचार. येण्याजाण्यातला वेळ वजा केला तरी रोज आठ तास सहज निघतात. म्हणजे पूर्ण नोकरी सांभाळून वर पूर्ण वेळाचं संशोधन, आणि तेही दहा वर्षं.

बहुतेक भाषणं इथेच संपतात. 'बघा, आणि तुम्हाला वेळ मिळत नाही!' असं म्हणून वक्ता खाली बसतो. आपण मात्र इथून सुरुवात करू.

दार कोण उघडत होतं?

पहाटे साडेपाचला प्रयोगशाळेत जायचं तर कोणीतरी दार उघडायला हवं. हा फार साधा प्रश्न आहे, पण इतिहास वाचताना असेच प्रश्न कामाला येतात.

असोसिएशन १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी उभी केली. भारतीयांनी भारतीयांच्या पैशातून चालवलेली संशोधन संस्था, हे त्यांचं स्वप्न. लोकवर्गणी जमवून इमारत झाली, उपकरणं आली, लोकांसाठी व्याख्यानंही होत राहिली. पण पूर्ण वेळ झोकून देऊन संशोधन करणारं माणूस काही मिळेना. महेंद्रलाल १९०४ मध्ये गेले ते ही खंत मनात घेऊनच. तीन वर्षांनी रामन दारात उभे राहिले तेव्हा संस्थेचे सचिव होते अमृतलाल सरकार, आणि उपकरणं बरीचशी धूळ खात पडलेली. म्हणजे रामन यांच्याकडे फक्त शिस्त होती असं नाही. त्या शिस्तीची वाट बघत तीस वर्षं उभी असलेली एक इमारतही होती.

दुसरं नाव आशुतोष डे यांचं. सगळे त्यांना आशुबाबू म्हणत. ते असोसिएशनमधले साहाय्यक. रामन ऑफिसात हिशोब तपासत असताना उपकरण जुळवून ठेवणं, वेळेला तयार ठेवणं हे आशुबाबूंचं काम. त्यांनी विद्यापीठाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, पण पुढे त्यांच्या एकट्याच्या नावावर रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये निबंध आला. रामन यांच्या पंचवीस वर्षांच्या कामाला आशुबाबूंचा हात लागलेला आहे. पहाटेच्या चार तासांत प्रत्यक्ष निरीक्षण करता यायचं, कारण जुळवाजुळवीचे तास दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात जमा होत होते.

तिसरं नाव लोकसुंदरी. लग्न १९०७ चंच. नवा संसार, नवखं शहर, परकी भाषा, आणि नवरा रविवारीसुद्धा घरी नाही. पावणेदहाला ताट वाढलेलं असायचं, ते आपोआप वाढलं जात नव्हतं. गंमत अशी की ज्या दिनक्रमाचं आपण कौतुक करतो, तो आपल्यापर्यंत पोहोचलाय तोही त्यांच्याच आठवणींमुळे. घड्याळ रामन यांचं असेल, पण वेळेची नोंद ठेवणारं माणूस घरात बसलेलं होतं.

हे सगळं रामन यांचं श्रेय कमी करायला सांगत नाहीये. इमारत होती, उपकरणं होती, आशुबाबू होते, तरी आधी तिथे कोणी येत नव्हतं. आलं तर एकच माणूस आलं. पण 'पहाटे उठलो की झालं' हा निष्कर्ष पुराव्यात बसत नाही, एवढंच.

तासांना शोभेल असा प्रश्न

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या दहा वर्षांत रामन यांनी काय निवडलं?

त्यांच्या कामाचा मोठा भाग होता कंपनं आणि ध्वनी. तारा कशा थरथरतात, व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमकं काय होतं, वीणेच्या घोडीमुळे तारेच्या कंपनावर काय परिणाम होतो. पुढे मृदंग आणि तबलाही त्यात आले. मृदंगाच्या शाईमुळे त्याचे स्वर एकमेकांशी सुसंवादी कसे होतात, हा त्यांचा अभ्यास आजही भौतिकशास्त्राच्या वर्गात सांगितला जातो.

या विषयांची आवड त्यांना होतीच. पण हिशोबाच्या नजरेने बघा. ध्वनीच्या प्रयोगाला फार महागडं उपकरण लागत नाही. उन्हाची वाट बघावी लागत नाही. काम अर्ध्यावर सोडून ऑफिसला जाता येतं आणि संध्याकाळी तिथूनच पुढे चालू करता येतं. केंब्रिजमध्ये त्या काळात अणूच्या रचनेवर काम चाललं होतं. ते दोन तुकड्यांत विभागलेल्या दिवसात, बहूबाजारात बसून करण्यासारखं नव्हतं. रामन यांनी हे असं कागदावर मांडून ठरवलं असेल असा माझा दावा नाही. पण त्यांचे प्रश्न आणि त्यांचे तास एकमेकांना अगदी चपखल बसतात, हे मात्र दिसतं.

बदल्या झाल्या तेव्हाही हेच. १९०९ मध्ये रंगून, मग वडिलांच्या निधनामुळे मद्रासला मुक्काम, १९१० मध्ये आपलं नागपूर, आणि १९११ मध्ये पुन्हा कोलकाता. असोसिएशन हाताशी नसताना घरातल्याच जागेत प्रयोगाची मांडणी करायची, ही सवय. विषयच असा होता की तो ट्रंकेत भरून नेता यायचा.

वेळेला प्राधान्य देणं म्हणजे यादीत काय वर नि काय खाली एवढंच नसतं. आपल्याकडे ज्या आकाराचे तास आहेत, त्या आकाराचा प्रश्न निवडणं हाही त्यातलाच भाग आहे.

निम्म्या पगारावर पूर्ण दिवस

१९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांच्या आग्रहावरून रामन यांनी कोलकाता विद्यापीठाचं पालित प्राध्यापकपद घेतलं. सरकारी नोकरीच्या मानाने पगार जवळपास निम्म्यावर आला. या पदावरच्या माणसाने आधी परदेशात प्रशिक्षण घ्यावं अशी अट होती. रामन यांनी ती साफ नाकारली आणि ती त्यांच्यापुरती शिथिल झाली. वर्गात शिकवण्याची सक्ती या पदाला नव्हती, तरी ते शिकवत राहिले.

दहा वर्षं दोन तुकड्यांत जगलेला दिवस त्यांनी इथे अक्षरशः विकत घेतला. पण एक तपशील विसरू नका: हा निर्णय दहा वर्षांच्या प्रकाशित कामानंतरचा आहे. पहिल्या आठवड्यात राजीनामा फेकून प्रयोगशाळेत शिरलेला हा माणूस नव्हे. 'आवडीसाठी नोकरी सोडली' या वाक्याच्या आधी बरीच वर्षं नोकरी न सोडता केलेलं काम असतं.

आता तास एकट्याचे नाहीत

१९१९ मध्ये अमृतलाल सरकार गेले आणि रामन असोसिएशनचे मानद सचिव झाले. इथून त्यांचं काम बदललं. आता फक्त स्वतः किती वाजता यायचं एवढंच ठरवायचं नव्हतं, इतरांचा वेळ कशात जाईल हेही ठरवायचं होतं. देशभरातून मुलं येऊ लागली: के. आर. रामनाथन, के. एस. कृष्णन, एल. ए. रामदास, एस. भगवंतम्.

१९२१ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेहून 'नरकुंडा' बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाने रामन यांना गाठलं. खिशात निकोल प्रिझम होतंच. डेकवर निरीक्षणं केली आणि 'नेचर'ला जे पत्र धाडलं त्यावर ठिकाण आहे मुंबई बंदर, तारीख २६ सप्टेंबर. प्रवासातला वेळ कारणी लावला, हे तर खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. परतल्यावर त्यांनी प्रकाशाचं विकिरण हा एकच विषय पकडून प्रयोगशाळेतल्या बऱ्याच मुलांना त्याच्या वेगवेगळ्या बाजूंवर बसवलं. १९२३ मध्ये रामनाथन यांना विकिरित प्रकाशात काहीतरी क्षीण, न जुळणारं दिसलं. ते अशुद्धीमुळे असेल म्हणून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला, तरी जाईना. हा धागा पाच वर्षं कोणी ना कोणी धरून ठेवला. हे एका माणसाच्या पहाटे उठण्याने होत नाही.

१९२८ च्या सुरुवातीला एस. वेंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमधून येणारा विकिरित प्रकाश निळ्याऐवजी हिरवट दिसला. आता गंमत बघा. वेंकटेश्वरन हे अलीपूरच्या सरकारी टेस्ट हाउसमध्ये नोकरी करणारे रसायनज्ञ. नोकरीनंतरच्या वेळात आणि सुट्टीच्या दिवशी असोसिएशनमध्ये यायचे. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या रामन यांचाच दिनक्रम! पण या प्रयोगाला लागत होता सूर्यप्रकाश. ऑफिस सुटल्यावर कितीही चिकाटीने बसलं तरी सूर्य थांबत नाही. तोच दिनक्रम, तीच जिद्द, पण प्रश्न बदलला आणि तास अपुरे पडले.

मग रामन यांनी कृष्णन यांना हाताशी धरलं. कृष्णन तेव्हा सैद्धांतिक कामात गढले होते. प्रत्यक्ष निरीक्षणापासून फार काळ लांब राहणं वैज्ञानिकाला बरं नव्हे, असं सांगून रामन यांनी त्यांना पुन्हा प्रयोगावर आणलं. ५ फेब्रुवारीपासूनची कृष्णन यांची रोजनिशी उपलब्ध आहे, आणि ती प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. आठवणी वर्षांनंतर सांगितल्या जातात आणि सांगताना गुळगुळीत होतात. रोजनिशी त्याच दिवसाची असते, म्हणून तिच्यात खाचखळगे राहतात.

तर त्या रोजनिशीत २७ फेब्रुवारीला काय आहे? घरी धार्मिक कार्य, असोसिएशनमध्ये गेलो नाही. आणि २८ फेब्रुवारीला? दुपारनंतरच गेलो. ज्या दिवसाच्या नावाने आपण दरवर्षी विज्ञान दिन साजरा करतो, त्या दिवशी शोधाचा सहकारी दुपारी प्रयोगशाळेत पोहोचला होता. त्याच दिवशी वर्णपटदर्शकातून बघताना मूळ रंगापासून स्पष्टपणे सुटा असलेला नवा रंग दिसला. प्रकाश रेणूवर आदळून परतताना आपल्या ऊर्जेचा थोडा अंश रेणूला देतो किंवा त्याच्याकडून घेतो आणि त्यामुळे त्याचा रंग बदलतो, हाच तो रामन परिणाम.

पुढच्या काही आठवड्यांत रामन यांनी दाखवलेली घाईही बघण्यासारखी आहे. २९ फेब्रुवारीला वृत्तपत्रांना बातमी. १६ मार्चला बंगळूरला व्याख्यान. लगेच 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'साठी त्याची छपाई आणि जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना प्रती रवाना. हे नियतकालिक असोसिएशनचंच, १९२६ पासूनचं. तिकडे मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनी त्याच फेब्रुवारीत क्वार्ट्झमध्ये हाच परिणाम पाहिला होता, पण त्यांचा निबंध उशिरा आला. १९३० चं नोबेल रामन यांना एकट्याला मिळालं. काम करण्याची सवय आणि काम वेळेत लिहून बाहेर काढण्याची सवय, या दोन वेगळ्या सवयी आहेत. आपल्यातले पुष्कळजण पहिलीवरच अडकतात.

दुसऱ्याच्या वेळेवर सत्ता

इथे थांबलो असतो तर हा लेख छान प्रेरणादायी झाला असता. पण नेता म्हणून वाढणाऱ्या माणसाची खरी परीक्षा तो स्वतःच्या वेळेचं काय करतो यात संपत नाही. दुसऱ्यांच्या वेळेवर अधिकार मिळाल्यावर तो काय करतो, तिथे ती सुरू होते.

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिली आलेली कमला भागवत तिथे अर्ज करते. तिचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण? ती मुलगी आहे. कमलाबाई हटून बसल्या, सत्याग्रहाची भाषा केली, तेव्हा अटींवर प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावं लागेल, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये. पुढे त्या पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम करत.

पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ, आणि पहाटे पाच ते रात्री दहा. दोन्ही दिनक्रम जवळपास सारखेच. पण अठरा वर्षांच्या रामनसाठी बहूबाजारात दार उघडलं गेलं तेव्हा कोणी अट घातली नव्हती. त्याच रामन यांच्या हातात किल्ली आल्यावर एका हुशार मुलीला मात्र आपलं असणं रोज सिद्ध करावं लागलं. वर्षभराचं काम पाहून रामन यांचं समाधान झालं आणि पुढे मुलींना प्रवेश मिळू लागला, हेही खरं. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, नीरेवर महत्त्वाचं काम केलं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. पण तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत आणि म्हातारपणी त्यांनी तो जाहीरपणे सांगितला.

रामन यांचं संचालकपद १९३७ मध्ये गेलं. कारभारावर चौकशी समिती बसली होती, आणि भौतिकशास्त्राला झुकतं माप दिल्याची इतर विभागांची तक्रार होती. स्वतःच्या विषयावर एकाग्र होण्याची जी सवय एकट्या संशोधकाला तारत होती, तीच संस्थाप्रमुखाला आडवी आली, असं मला वाटतं. हुद्दा बदलला की सवयींची तपासणी पुन्हा करावी लागते.

मग आपण काय करायचं?

भिंतीवर दिनक्रम जरूर लावा. पण लावण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचारा.

एक, माझ्याकडे खरोखर कोणत्या आकाराचे तास आहेत? नोकरी, घर, दोन तासांची लोकल, सगळं धरून. आणि माझा प्रश्न त्या तासांत बसतो का? वेंकटेश्वरन आळशी नव्हते. त्यांचे तास आणि त्यांचा प्रश्न जुळत नव्हते.

दोन, माझा दिवस चालावा म्हणून कोण राबतंय? डबा कोण भरतंय, उपकरण कोण सुरू करून ठेवतंय? प्रबंधाच्या ऋणनिर्देशात नाव टाकायच्या आधी त्यांचा वेळही आपल्या हिशोबात धरा.

तीन, मी काम करतोय की काम पूर्ण करून बाहेरही काढतोय? आठवड्यातले काही तास फक्त लिहिण्यासाठी बाजूला ठेवा.

आणि चार. आज तुम्ही कनिष्ठ आहात, पण दोन-तीन वर्षांत एखादी एम.एस्सी.ची मुलगी प्रकल्पासाठी तुमच्या टेबलाशी येईल. उपकरणाची पाळी, खोलीची किल्ली, 'उद्या ये' म्हणण्याचा अधिकार, एवढी छोटी सत्ता तुमच्याकडे असेल. तेव्हा तुमची पाळी कितीला लागते याच्याइतकंच तिची पाळी कितीला लावली जाते, हेही बघा. रात्री अकराची वेळ दरवेळी तिच्याच वाट्याला येत असेल, तर फळ्यावरचा तक्ता पुसून नव्याने लिहायला पाच मिनिटं पुरतात.